दिवस चांगला गेला

प्रतिपालक कुटुंब म्हणून आमची नोंदणी पूर्ण झाली त्या दिवशी समाजकार्यकर्त्या बाईंनी कागदपत्रांच्या फायलीबरोबर एक जाड, दोनशे पानी वही माझ्या हातात ठेवली आणि सांगितले, की मूल घरी आल्यापासून रोज रात्री यात निदान पाच ओळी लिहायच्या. जे घडले ते आधी लिहायचे आणि त्याने आपल्याला काय वाटले ते खाली, वेगळे लिहायचे. ती वही आता माझ्याकडे नाही, पण तिची पहिल्या अकरा आठवड्यांची पाने मला पाठ आहेत, कारण त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक पानावर एकच वाक्य आहे: दिवस चांगला गेला. ते वाक्य खोटे होते. खरे लिहायला मला जवळपास तीन महिने लागले, आणि त्या खोटेपणाची किंमत माझ्याइतकीच त्या मुलीनेही मोजली.

खरे तर आम्ही दत्तक घेण्याची चौकशी करायला गेलो होतो. आमचा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता, दुसरे मूल झाले नव्हते आणि ‘एखाद्या निराधार मुलाला घर द्यावे’ अशी एक ढोबळ, काहीशी भाबडी कल्पना आमच्या मनात होती. तेथे पहिल्यांदा कळले, की ज्या मुलांना घराची गरज असते त्यांच्यातली अनेक मुले निराधार नसतात. त्यांना आई असते, आजी असते, भावंडे असतात. आजारपण, व्यसन, तुरुंगवास किंवा घरातली मारहाण यांमुळे तूर्त त्यांना त्या घरात ठेवता येत नाही, एवढेच. दत्तकात कायदा जुने नाते बदलून नवे, कायमचे नाते निर्माण करतो. प्रतिपालनात मूल दुसऱ्या घरी वाढते, पण जन्मदात्यांशी असलेले त्याचे नाते तसेच राहते आणि परतीची वाट शक्य तेवढी मोकळी ठेवली जाते. ‘मूल वर्षा-दोन वर्षांनी परत गेले तर तुमचे काय होईल, याचा विचार करून या,’ असे सांगून बाईंनी आम्हाला परत पाठवले. आम्ही पंधरा दिवसांनी गेलो आणि ‘सोसू’ असे म्हणालो. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता.

गृहचौकशी पाच महिने चालली. उत्पन्नाचे दाखले, पोलिसांचे प्रमाणपत्र, वैद्यकीय तपासणी, आम्हाला ओळखणाऱ्या दोघांची पत्रे, हे सारे अपेक्षित होते. औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का, हेही बाईंनी पाहिले. त्रास झाला तो प्रश्नांचा. लहानपणी तुम्हाला शिक्षा कशी होत असे? तुमच्या घरी राग आला की तो कोण कसा काढतो? तुम्ही शेवटच्या केव्हा रडलात आणि तेव्हा कोणाला सांगितले? मुलाला वेगळे बसवूनही त्यांनी बराच वेळ विचारले. माझे वडील कडक होते, हाताला येईल त्याने मारायचे. मी मात्र ‘थोडेफार, सगळेच मारतात तसे’ असे उत्तर दिले. त्यांनी ते लिहून घेतले आणि क्षणभर थांबून पुढचा प्रश्न विचारला. त्या थांबण्याचा मला रागच आला होता. परक्या बाईने माझ्या वडिलांविषयी काय म्हणून विचारावे, असे मी घरी येऊन नवऱ्याला म्हणालेही.

पूर्वतयारीच्या प्रशिक्षणात बरेच काही ऐकले. त्यातले दोन तास आजही स्पष्ट आठवतात. पहिल्या तासात प्रशिक्षकांनी ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांच्याविषयी सांगितले. दुसऱ्या महायुद्धानंतर घरावाचून राहिलेल्या मुलांविषयी बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी 1951 मध्ये अहवाल लिहिला. त्याच सुमारास रॉबर्टसन आईपासून दूर, रुग्णालयात राहिलेल्या लहान मुलांचे निरीक्षण करत होते, आणि त्यांना तीन अवस्था दिसल्या: आधी आकांत, मग खचून जाणे आणि शेवटी अलिप्त होणे. तिसऱ्या अवस्थेतले मूल शहाण्यासारखे वागते, सगळ्यांशी गोड बोलते, आणि म्हणून मोठ्यांना ते ‘रुळले’ असे वाटते. दुसरा तास बुखारेस्टमधल्या प्रयोगाचा होता. रोमानियातल्या अनाथालयांत वाढणाऱ्या 136 लहानग्यांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून प्रतिपालक कुटुंबांत ठेवले गेले आणि पुढे कित्येक वर्षे दोन्ही गटांच्या वाढीची तुलना होत राहिली. कुटुंबात गेलेली मुले बुद्धी, भाषा आणि माणसांशी जोडले जाणे या बाबतींत पुढे गेली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना त्याचा लाभ अधिक झाला. हे सारे मी उत्साहाने उतरवून घेतले. त्या कुटुंबांच्या पाठीशी समाजकार्यकर्ते नियमित उभे होते, हे वाक्यही प्रशिक्षकांनी दोनदा उच्चारले होते. ते मात्र माझ्या टिपणात नव्हते.

ती साडेसहा वर्षांची असताना आमच्याकडे आली. तिचे नाव येथे लिहिणे योग्य नाही. घरात आम्ही तिला धाकटी म्हणत असू, तेच येथे वापरते. आईला गंभीर मानसिक आजार होता, ती पुन्हा पुन्हा रुग्णालयात दाखल होत होती, वडील कधीच निघून गेले होते आणि मधल्या काळात धाकटी तीन वेगवेगळ्या ठिकाणी राहिली होती. तिच्याबरोबर एक पिशवी आणि अर्ध्या पानाची माहिती आली. त्यात लसी, वजन आणि ‘शांत स्वभाव, कसलीही तक्रार नाही’ एवढेच होते.

तिने बूट काढले नाहीत. दुपारी चार वाजता आली तेव्हा काढले नाहीत, जेवतानाही नाहीत, आणि रात्री अंथरुणावर ती बुटांसकट, पाय गादीच्या कडेबाहेर ठेवून झोपली. गादी खराब होऊ नये एवढी काळजी तिने घेतली होती. ती झोपल्यावर मी हळूच नाडी सोडायला गेले तर तिचे डोळे उघडेच होते. बाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘राहू द्या. कुठून केव्हा निघावे लागेल हे तिला माहीत नाही, म्हणून ती तयार राहते आहे.’ नऊ दिवस ती तशीच झोपली. दहाव्या रात्री तिने एक बूट काढून उशीखाली ठेवला आणि दुसरा पायातच राहू दिला. त्या दहाही दिवसांपुढे वहीत मी एकच लिहिले: दिवस चांगला गेला.

पुढचे दोन-तीन आठवडे ती इतकी शहाण्यासारखी वागली, की येणारेजाणारे आमचे कौतुक करू लागले. पाण्याच्या पेल्यासाठीही ती ‘थँक यू, काकू’ म्हणायची. मी प्रशिक्षणात उतरवून घेतलेले सारे विसरले आणि आपल्या मायेचा गुण आला असे समजून चालले. मग चौथ्या आठवड्यात एका सकाळी मुंग्यांची रांग तिच्या अंथरुणाकडे जाताना दिसली. उशीच्या अभ्र्यात बिस्किटांचा चुरा, कपाटामागे वाळलेले अन्न, दप्तरात आणखी काही. मी रागावले नाही, पण ‘असे का केलेस?’ असे विचारले. त्यावर तिने शांतपणे, माझ्या डोळ्यांत बघून सांगितले, की ते दादाने ठेवले आहे. त्यानंतर सारे एकदमच सुटले. आंघोळीच्या वेळी किंकाळ्या, दार वाजले की पलंगाखाली जाऊन तासन्‌तास बसणे, मुलाच्या वह्या फाडणे, रात्री तीन-तीनदा उठणे. मुलाने एके दिवशी गृहपाठ करता करता विचारले, ‘ती कधी जाणार आहे?’ मी त्याला झापले. त्यानंतर त्याने विचारले नाही आणि आमच्याशी बोलणेही कमी केले.

तरीही वहीत ‘दिवस चांगला गेला’ हेच येत राहिले. का, याचा मी पुढे बराच विचार केला. खरे लिहिले तर हे लोक तिला घेऊन जातील, ही भीती होती. पण तिच्याहून मोठी लाज होती. आपण होऊन मागितलेल्या कामाची तक्रार कशी करायची? ‘कोणी सांगितले होते?’ हे वाक्य नातेवाईक उच्चारण्याआधीच माझ्या कानांत वाजत असे. दर पंधरवड्याला बाई भेटीला येत, त्याच्या आदल्या दिवशी मी घर लख्ख करत असे आणि धाकटीला स्वच्छ कपडे घालून बसवत असे. खोटे बोलते म्हणून त्या मुलीला मी समजावत होते आणि रात्री टेबलाशी बसून स्वतः खोटे लिहीत होते.

अकराव्या आठवड्यात एका संध्याकाळी तिने भरलेली बादली मुलाच्या अंथरुणावर ओतली आणि हसली. माझा हात वर गेला. तो खाली आला नाही, कारण त्याआधीच ती दोन्ही कोपर डोक्यावर घेऊन, गुडघे पोटाशी ओढून भिंतीच्या कोपऱ्यात बसली होती. एखाद्याने रोजची कवायत करावी तशी सरावलेली ती हालचाल होती. मला ती परकी वाटली नाही. अगदी तशीच मी बसत असे. ‘थोडेफार, सगळेच मारतात तसे’ हे माझे उत्तर मला तेव्हा आठवले. त्याहून भयंकर असे, की तिला तशी बघूनही मला काही वाटेना, ना दया ना राग, फक्त झोप यावी एवढीच इच्छा. त्या रात्री मी वहीत साडेचार पाने लिहिली. हात उचलला हेही लिहिले. ‘ती मला आवडेनाशी झाली आहे’ हे वाक्यही लिहिले, खोडले आणि परत लिहिले.

सकाळी मी स्वतःच फोन केला. बाई दुपारी आल्या, ती पाने त्यांनी सावकाश वाचली आणि मुलीला न्यायची भाषा न करता पहिला प्रश्न विचारला, ‘तुम्हाला रात्री सलग किती तास झोप मिळते?’ मला उत्तर देता आले नाही. मग त्यांनी धाकटीशी एकांतात बोलून घेतले, हात उचलल्याची नोंद रीतसर वरिष्ठांकडे कळवली आणि ती कळवणार असल्याचे मला तोंडावर सांगितले. मला भीती वाटली, पण त्या सांगण्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. पुढे समुपदेशकांनी समजावले, की दुखावलेल्या मुलाकडून सतत झिडकारले जात राहिले, की सांभाळणाऱ्याच्या मनाचा ओलावा आटतो. तो कर्तव्ये यंत्रासारखी करत राहतो, पण जवळीक वाटेनाशी होते. या अवस्थेचा मानसशास्त्रात स्वतंत्र अभ्यास झालेला आहे, आणि बराच ताण, कमी झोप आणि स्वतःच्या बालपणातली जुनी दुखणी असली तर कोणालाही ती गाठू शकते, हे ऐकून मी कितीतरी दिवसांनी रडले.

त्या आठवड्यात जी मदत सुरू झाली ती आमच्या करारनाम्याच्या कागदांत पहिल्यापासून होती, हे सांगताना मला आजही चीड येते. महिन्यातून दोन दिवस धाकटीने दुसऱ्या प्रशिक्षित कुटुंबाकडे राहायचे आणि आम्ही विसावा घ्यायचा, अशी सोय होती. आम्हाला कोणी ती उलगडून सांगितली नव्हती. संगोपनाचा भत्ताही थकला होता. मागितली तरच मदत, आणि मागणाऱ्याकडे मात्र कमकुवत म्हणून बघायचे, ही रीत मला मान्य नाही. विसाव्याचे कुटुंब दर वेळी तेच असावे असा बाईंनी आग्रह धरला आणि तो बरोबर होता, कारण दर खेपेला नवे घर म्हणजे तिच्या दृष्टीने पुन्हा एकदा हाकलले जाणेच ठरले असते. पहिल्या खेपेला ती बूट घालून, पिशवीत सगळे कपडे भरून निघाली. तिसऱ्या खेपेला तिने बाहुली आमच्याकडेच ठेवली आणि ‘तिला बघा’ असे बजावले. तेव्हा परत यायचे आहे हे तिला पटले असावे.

अन्न लपवण्यावरचा उपाय साधा होता, पण तो करायला धीर लागला. तिला तिच्या मालकीचा एक डबा दिला, त्यात खाऊ भरला आणि तो कधीही रिकामा होऊ द्यायचा नाही, त्याला कुलूप लावायचे नाही आणि त्यावरून एक शब्दही बोलायचे नाही, असे ठरले. पहिल्या आठवड्यात डबा दिवसातून चारदा भरावा लागला. माझ्या सासूबाईंना हे लाड वाटत. तीन महिन्यांनी तो डबा दोन दिवस तसाच भरलेला राहिला, आणि त्या रात्रीची वहीतली नोंद मी एका ओळीची केली, पण ती ओळ खरी होती.

महिन्यातून एकदा प्रतिपालकांचा गट भरत असे. तेथे कोणी सल्ला देत नसे, ही त्या गटाची सर्वांत मोठी खुबी होती. एक आजी दोन नातवांना सांभाळत होत्या. रक्ताचे नाते आहे म्हणून त्यांना ना प्रशिक्षण मिळाले होते ना विसावा, जणू आजी झाली की थकवा येतच नाही. एका गृहस्थांकडचे मूल सात महिन्यांनी दुसरीकडे हलवावे लागले होते आणि तरीही ते गटाला येत राहिले होते. ते एकदा म्हणाले, की मदत मागायला मी सहा महिने उशीर केला. मी माझ्या वहीविषयी प्रथम त्यांनाच सांगितले. मुलासाठीही एक वेगळा तास ठरला: बुधवारी संध्याकाळी तो आणि त्याचे बाबा, तिसरे कोणी नाही. सहाव्या-सातव्या बुधवारनंतर तो जेवताना पुन्हा बोलू लागला.

आईच्या भेटी हा सर्वांत अवघड भाग होता. एक शनिवार आड, एका केंद्रात, दीड तास. त्यानंतरचे दोन दिवस धाकटी घर डोक्यावर घेत असे, आणि भेटी बंद कराव्यात अशी मागणी मी लेखी केली होती. तेव्हा समुपदेशकांनी मला माझीच वही उघडायला लावली. चार महिन्यांच्या खऱ्या नोंदी सलग वाचल्या तेव्हा जे दिसले ते मला अपेक्षित नव्हते: भेट झाल्यावर दोन दिवस वाईट जात, पण आईची प्रकृती बिघडून भेट रद्द झाली की अख्खा आठवडा वाईट जाई. भेटीमुळे तिला त्रास होतो असे मी धरून चालले होते. त्रास आई दिसत नसल्याचा होता. मी अर्ज मागे घेतला. पुढच्या भेटीला मी दाराबाहेर न थांबता आत बसले. तिची आई, औषधांमुळे मंदावलेल्या हातांनी, पाऊण तास तिचे केस विंचरत होती. इतका वेळ एका जागी बसलेली धाकटी मी त्याआधी पाहिली नव्हती.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेत मुलाच्या वाढीतले सातत्य जपावे असे म्हटले आहे, आणि 2009 मध्ये आमसभेने स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत केवळ गरिबीपायी मुलाला घरापासून तोडू नये आणि भावंडांची ताटातूट टाळावी असे स्पष्ट लिहिले आहे. ही वाक्ये आम्हाला प्रशिक्षणात दाखवली होती. त्यांचा अर्थ मला त्या कंगव्यापाशी कळला.

एकोणीस महिन्यांनी आढाव्याच्या बैठकीत ठरले, की आईला मुलगी पूर्णवेळ सांभाळता येणार नाही. आम्ही तोवर तिला दत्तक घेण्याविषयी विचारले होते, आणि आम्हाला होकार मिळेल असे मनोमन धरले होते. पण तिच्या आईची लहान बहीण, जी कामानिमित्त वर्षानुवर्षे दूर होती, ती पुढे आली. तिचीही चौकशी, तिचेही प्रशिक्षण झाले आणि समितीने तिच्याकडे पालकत्व दिले. निर्णय योग्य होता. मला तो तीन दिवस मान्य करता आला नाही; त्या तीन दिवसांत मी गटातल्या त्या गृहस्थांना पाच वेळा फोन केला.

हस्तांतर सहा आठवडे चालले. मावशी आधी आमच्या घरी येऊन नुसती बसली, मग तिने धाकटीला आंघोळ घातली, मग एक रात्र आमच्याकडे राहिली, मग धाकटी तिच्याकडे दोन रात्री राहून आली. आम्ही मिळून तिची जीवनकथेची वही पूर्ण केली: आईचा फोटो, राहिलेल्या सगळ्या घरांची चित्रे, पडलेल्या पहिल्या दाताची तारीख, आमच्या मुलाने काढलेले तिचे व्यंगचित्र. जाताना तिने डबा नेला, बाहुली नेली. बाईंच्या परवानगीने माझी दोनशे पानी वहीसुद्धा मावशीला दिली, कारण मूल घर बदलून येते तेव्हा अर्ध्या पानाची माहिती किती तोकडी पडते ते मी पाहिले होते.

चार दिवसांनी रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. आवाज दबलेला होता. धाकटी शेजारच्याच खोलीत असणार.

‘ताई, ती बूट काढत नाही. झोपतानाही नाही. तुमच्याकडे आली तेव्हाही असेच होते का? मी वहीत शोधले, पण सुरुवातीच्या पानांवर दिवस चांगला गेला एवढेच आहे.’

मी म्हणाले, ‘ती पाने खरी नाहीत. सांगते.’ खुर्ची ओढून बसले आणि पहिल्या दुपारच्या चार वाजल्यापासून सुरुवात केली. पलीकडे ती लिहून घेत होती, कारण मधूनमधून ‘थांबा ताई, उशीखाली एक, आणि दुसरा?’ असे विचारत होती.